ॲटनबरो कुठले? एका दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग

डेव्हिड ॲटनबरो यांचा जन्म ८ मे १९२६चा. २०२६च्या मे महिन्यात त्या जन्माला शंभर वर्षं होतात, त्यामुळे हे नाव पुन्हा चर्चेत आहे. टीव्हीवरच्या माहितीपटांतून प्राणी-पक्ष्यांच्या जगात आपल्याला हात धरून नेणारा हा माणूस घरोघरी ओळखीचा आहे. मराठी माणसाची या आडनावाशी आणखी एक ओळख आहे. डेव्हिड यांचे थोरले भाऊ रिचर्ड यांनी १९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट केला आणि त्याच्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

आता या दोन भावांखेरीज तिसरा ॲटनबरो आठवून पाहा. बहुतेकांना आठवणार नाही. स्मिथ, टेलर, ब्राऊन हवे तेवढे सापडतील, नुसते क्रिकेटचे जुने धावफलक चाळले तरी पुरे. मग एक आडनाव लाखोंचं आणि दुसरं मूठभरांचं, असं का होतं? आणि मूठभरांचं आडनाव असेल तर ते सगळे एकाच घराण्यातले असतात का? या प्रश्नांवर इंग्लंडमध्ये दीडशे वर्षं विचार झालेला आहे. भाषा, नकाशा, गणित आणि जनुकशास्त्र या चारही वाटांनी लोक गेले, आणि ॲटनबरो हे नाव या चारही वाटांवर भेटतं.

आधी आडनावंच नव्हती

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी सामान्य इंग्रज माणसाला एकच नाव असे. नॉर्मन जमीनदारांनी आपल्या जहागिरीचं नाव मागे लावायला सुरुवात केली. ती पद्धत हळूहळू खाली झिरपली आणि साधारण १४००पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना आडनाव चिकटलं. कर गोळा करणाऱ्याला आणि न्यायालयाच्या कारकुनाला गावातले पाच जॉन वेगळे ओळखायचे होते, हे त्यामागचं एक रोकडं कारण.

नावं पडली ती साधारण चार तऱ्हांनी. धंद्यावरून: स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. बापाच्या नावावरून: जॉन्सन. रंगरूपावरून: ब्राऊन. आणि जागेवरून. सुरुवातीला ही वर्णनंच होती. लोहाराचा मुलगा शेती करू लागला तर त्याला स्मिथ म्हणायचं कारण नव्हतं. पण एक दिवस असा आला की शेती करणाऱ्या मुलालाही बापाचं स्मिथच लागलं. वर्णन संपलं आणि वारसा सुरू झाला, तिथे आडनाव स्थिरावलं असं म्हणायचं.

गावाचं नाव लागतं गाव सोडल्यावर

जागेवरून पडलेली आडनावं मराठी माणसाला समजावून सांगायला नकोत. आपला ‘कर’ हा प्रत्यय तेच काम करतो. पण त्यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पंढरपुरात राहणाऱ्याला पंढरपूरकर कशाला म्हणतील? तिथे सगळेच पंढरपूरचे. तो पुण्याला किंवा सोलापूरला येऊन स्थायिक झाला, की लोक म्हणणार, ‘ते पंढरपूरकर’. गावाचं आडनाव हे गाव सोडल्याची खूण आहे, आणि बरेचदा ते आपण घेत नाही, नव्या गावचे लोक देतात. (मुद्दाम घेतलेलीही असतात. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव लावलं.)

इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं, फक्त तिथे ‘कर’ नाही. गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं छोटं गाव आहे. सेंट मेरीचं जुनं चर्च, नदीचा काठ, पलीकडे चिलवेल आणि टोटन ही शेजारची गावं. इंग्लंडच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि सेनानी हेन्री आयर्टन याच्यामुळे. त्याचा बाप्तिस्मा १६११ साली इथे झाला.

या गावातून कोणीएक उठून दोन-चार कोसांवरच्या गावी राहायला गेला, आणि तिथल्या लोकांच्या तोंडी तो ‘ॲटनबरोचा’ झाला.

पण नावाचा अर्थ काय? इथे दोन वाटा फुटतात

आधी ‘बरो’ पाहू. जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदी केलेली जागा. आपल्या गढीसारखी किंवा कोटासारखी. पीटरबरो, स्कारबरो यातला ‘बरो’ तोच, कँटरबरीतला ‘बरी’ही त्याच शब्दाचं दुसरं रूप. आपल्याकडे अक्कलकोट, पन्हाळगड यांच्या शेवटी जे आहे, तेच तिथे ‘बरो’च्या रूपात उरलं आहे.

आता पुढचा तुकडा. गावाच्या जुन्या नोंदींमध्ये सुरुवातीला ‘त’कार नसून ‘द’कार आहे. ॲडा किंवा त्यासारख्या नावाचा कोणी माणूस, त्याची गढी, ती ‘ॲडिंगबुर्ह’. बोलता बोलता तिचं ॲटनबरो झालं. ही पहिली वाट.

दुसरी वाट मोहात पाडणारी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘तिथला, त्यापाशी राहणारा’. ॲश म्हणजे एक झाड. ‘ॲटन ॲश’, झाडापाशी राहणारा, हे भरभर म्हणता म्हणता पुढचं गळून गेलं आणि नॅश हे आडनाव उरलं. ॲटवुड म्हणजे रानापाशी राहणारा. मग ॲटनबरो म्हणजे नुसतंच ‘गढीपाशी राहणारा’ का नसावा?

कागदावर दोन्ही अर्थ बसतात. तरी दोहोंतला फरक मोठा आहे. दुसरा अर्थ खरा असेल तर हे नाव इंग्लंडभर कुठेही, शंभर गढ्यांपाशी, शंभरदा जन्मू शकतं. जसं आपल्याकडे ‘पाटील’ एका गावचं आडनाव नाही, प्रत्येक गावाला पाटील होता. पहिला अर्थ खरा असेल तर नावाचा उगम एकच. कोश उघडून हा निवाडा होत नाही, त्याला नकाशा लागतो.

नकाशावर पाऊल उमटतं

१८९० साली हेन्री गप्पी नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यातल्या शेतकऱ्यांच्या याद्या घेतल्या आणि कुठलं आडनाव कुठे दाट आहे ते मोजलं. शेतकरीच का? तो जमिनीला बांधलेला असतो, सहसा हलत नाही. मजूर, व्यापारी, नोकरदार शहरांकडे गेले, शेतकरी राहिला. त्यामुळे नावाचं मूळ घर शेतकऱ्याच्या दारात सापडेल, असा त्याचा हिशेब. हाच गप्पी पुढे समुद्राच्या प्रवाहांबरोबर झाडांच्या बिया कुठल्या बेटाला लागतात याचा अभ्यास करत होता. बी वाहून जातं, रुजतं, आणि झाडांची दाटी पाहून मूळ किनारा ओळखता येतो. आडनावांकडेही त्यानं त्याच नजरेनं पाहिलं असावं, असं मला वाटत राहतं.

आजचे अभ्यासक सर्वात जास्त वापरतात ती १८८१ची जनगणना. तिच्यात देशातला प्रत्येक माणूस नावानिशी नोंदलेला आहे, आणि मोटारगाड्यांचं युग अजून यायचं आहे. त्याही मागे जायचं तर चर्चची पुस्तकं आहेत. १५३८ साली प्रत्येक धर्मक्षेत्रात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला आणि साध्या शेतमजुराचंही नाव कागदावर आलं.

या नोंदी नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या आणि स्मिथ शोधला तर सगळा देश काळा होतो. ॲटनबरो शोधला तर दाटी दिसते ती नॉटिंगहॅमशायरमध्ये आणि त्याच्या आजूबाजूला, म्हणजे त्या गावाच्या परिसरातच. शंभर गढ्यांपाशी जन्मलेलं नाव असं एका जागी गोळा झालेलं दिसलं नसतं. म्हणून ‘ॲडाच्या गढीचं गाव’ हीच वाट खरी मानावी लागते.

डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्डला झाला. स्टेपलफर्डपासून ॲटनबरो गाव जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पाच-सहाशे वर्षांत हे नाव किती कमी चाललं, ते पाहा.

आडनावं मरतात. त्यासाठी कोणी मारावं लागत नाही

आता गणिताकडे. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं एक कोडं छापलं: नामवंत घराण्यांची आडनावं लुप्त होताना दिसतात, हे घराण्याचा कस उतरल्यामुळे होतं की निव्वळ योगायोगानं? हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक असलेल्या गणितज्ञानं ते मांडून पाहिलं. गाल्टनचे वंशश्रेष्ठतेबद्दलचे विचार मला मान्य नाहीत, आणि त्यांनी पुढे जगाचं नुकसानच केलं. पण हा प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर त्या विचारांच्या विरोधातच गेलं. नाव बुडायला नुसता योगायोग पुरतो.

सोपं उदाहरण घेऊ. एका गावात शंभर पुरुष, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाला बरोबर दोन अपत्यं, मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखं. लोकसंख्या सरासरीनं तेवढीच राहते, कोणी उपाशी मरत नाही, साथ येत नाही. तरीही पहिल्याच पिढीत साधारण २५ घरांत दोन्ही मुली होतील. मुलगी लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावते अशी रीत असल्यामुळे ती २५ आडनावं तिथेच थांबली. त्या घरांना नातवंडं आहेत, वंश आहे, फक्त नाव नाही. दुसऱ्या पिढीअखेर ३९ नावं गेलेली असतात, पाचव्या पिढीअखेर ६०, दहाव्या पिढीअखेर ७४. विसाव्या पिढीला शंभरातली सुमारे १५ नावंच उरतात. तीस वर्षांची एक पिढी धरली तर हा सहाशे वर्षांचा काळ, म्हणजे इंग्लंडमध्ये आडनावं स्थिरावली तेव्हापासून आजपर्यंतचा.

पुरुष तेवढेच, नावं मात्र १५. याचा अर्थ जी टिकली ती फुगली. शिवाय खरं जग या उदाहरणासारखं सौम्य नव्हतं. १३४८-४९च्या प्लेगच्या साथीत इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसं गेली. ज्या नावाचे दोनच पुरुष होते ते नाव एका आठवड्यात संपू शकत होतं.

स्मिथ का टिकला ते आता कळतं. गावोगावी लोहार होता, म्हणून ते नाव हजार ठिकाणी पेरलं गेलं. नऊशे ठिकाणी बुडलं तरी शंभर ठिकाणी उरलं. ॲटनबरो एका कोपऱ्यात पेरलेलं. ते उरलं हेच नवल.

बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या दोन गोष्टी

माणसाच्या पेशीत वारशाची माहिती गुणसूत्रांवर लिहिलेली असते. त्यातलं ‘वाय’ नावाचं गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं आणि ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्लंडमध्ये आडनावही त्याच वाटेनं जातं. म्हणजे एकाच आडनावाचे दोन अनोळखी पुरुष आणून त्यांचं वाय गुणसूत्र ताडून पाहिलं, तर त्यांचा मूळ पुरुष एक होता की नाही याचा अंदाज येतो.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. ४० ब्रिटिश आडनावं, १,६७८ पुरुष. निष्कर्ष साधारण असा, की आडनाव जितकं दुर्मिळ तितकं त्यातल्या पुरुषांचं नातं जवळचं. स्मिथ लोकांत नातं जवळपास दिसलंच नाही. रस्त्यावरून कोणीही दोघे उचलावेत तसे ते. दुसऱ्या टोकाला होते ॲटनबरो. त्यांच्यातल्या ८७ टक्के पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच कुळीचं निघालं, चाळीसही नावांत सर्वाधिक. आणि ही कुळी ब्रिटनमध्ये विरळा आहे. ही गोष्ट महत्त्वाची. देशात सर्रास आढळणारी कुळी असती तर ‘योगायोगानं जुळलं असेल’ म्हणायला जागा होती, इथे ती फारशी उरत नाही.

‘मग सिद्धच झालं की, मूळ पुरुष एक!’

इथे थांबायला हवं, कारण बहुतेक वाचक इथेच एक पायरी गाळतात. आज जवळपास सगळे एका पुरुषाचे वंशज आहेत, याचा अर्थ सुरुवातीला तो एकच ॲटनबरो होता असा होत नाही. वरचा शंभर घरांचा हिशेब पुन्हा पाहा. समजा त्या गावातून वेगवेगळ्या काळी दहा माणसं बाहेर पडली आणि दहाही जणांना ॲटनबरो म्हणू लागले. वीस पिढ्यांत त्यातल्या आठ-नऊ शाखा बुडणं हेच अपेक्षित आहे. उरलेली एक फोफावली, की आज पाहणाऱ्याला मूळ पुरुष एकच होता असं वाटेल. किंग आणि जॉबलिंग यांनीही हेच बजावलं: आजचं चित्र पाहून सातशे वर्षांपूर्वी नाव धारण करणारे किती होते, हे खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून नावाच्या अर्थाचा निवाडा मी नकाशावर सोपवला, गुणसूत्रावर नाही. गुणसूत्र एवढंच सांगतं, की टिकली ती शाखा कुठली.

‘आणि उरलेले १३ टक्के? ते खोटे ॲटनबरो?’

नाही, तेही खरेच. नाव आणि रक्त वेगळ्या वाटेनं जाण्याची कारणं पुष्कळ आहेत. दत्तक मूल. विधवेच्या मुलांनी सावत्र वडिलांचं नाव लावणं. लग्नाबाहेरचं मूल आईचं नाव लावून वाढणं. सासऱ्याची मालमत्ता मिळावी म्हणून जावयानं त्याचं नाव घेणं. शिवाय गावातून निघालेला दुसरा कोणी, ज्याची शाखा बारीक का होईना टिकली.

ढोबळ हिशेब केला तर दर पिढीला हजारात फक्त सात वेळा असं घडलं, तरी वीस पिढ्यांनंतर मूळ कुळीचे ८७ टक्केच उरतात. तेव्हा १३ हा आकडा मोठा नाही, आश्चर्य वाटावं इतका छोटा आहे.

‘आपल्याकडे हीच चाचणी लावली तर?’

लावता येईल, पण अर्थ जपून काढावा लागेल. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही कामावरून आलेली नावं, म्हणजे आपले स्मिथच. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची फर्नांडिस, डिसोझा ही नावं धर्मांतराच्या वेळी पोर्तुगिजांकडून मिळालेली. दोन डिसोझांचं नाव एक म्हणून कुळी एक, असं मुळीच म्हणता येणार नाही. ॲटनबरोच्या जवळ जाणारी आपली नावं म्हणजे एखाद्या छोट्या वाडीवरून पडलेली ‘कर’ नावं. तीही त्या वाडीतून निघालेल्या वेगवेगळ्या जातींच्या लोकांनी लावलेली असतात, हा आपला वेगळा गुंता.

नाव एक धागा, बाकीचं कापड कुठे?

मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. वीस पिढ्या मागे गेलं तर प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षावर १०,४८,५७६ जागा होतात. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, असं दुप्पट करत जा. आडनाव आणि वाय गुणसूत्र या साडेदहा लाख जागांपैकी फक्त एका जागेपर्यंत पोचतात. बाकीच्या सगळ्या जागांवर आया, आज्या, पणज्या आणि त्यांचे बाप आहेत, आणि त्यांच्याबद्दल ॲटनबरो हे नाव एक अक्षर बोलत नाही. आडनावावरून ‘आमचं रक्त’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा.

यॉर्कशायरमधलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. पूर्व यॉर्कशायरचं एक दुर्मिळ आडनाव, गोरी इंग्रज माणसं, परदेशातल्या पूर्वजाची घरात कसलीही आठवण नाही. २००७ साली त्यांच्यातल्या १८ पुरुषांची तपासणी झाली, तर सात जणांत पश्चिम आफ्रिकेतली अत्यंत विरळ कुळी सापडली. कागदपत्रांनी त्यांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या यॉर्कशायरच्या दोन घराण्यांपर्यंत नेलं. त्याहीपूर्वी कधीतरी एक आफ्रिकी पुरुष इंग्लंडमध्ये आला, नांदला, आणि त्याचे वंशज चारचौघांसारखे इंग्रज झाले.

याची एक काळजीची बाजू

आडनाव आणि गुणसूत्र जोडीनं चालतात, तर एकावरून दुसरं ओळखता येतं. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की संशोधनासाठी निनावी म्हणून दिलेल्या जनुकीय माहितीतलं वाय गुणसूत्र घ्यायचं, वंशावळींच्या खुल्या संग्रहांत ते कुठल्या आडनावाशी जुळतं ते पाहायचं, आणि वय व राज्य माहीत असेल तर माणूस सापडतो. त्यांनी या वाटेनं जवळपास ५० जणांची ओळख पटवली. हौसेनं थुंकी पाठवून वंशावळ काढणारा माणूस आपल्याबरोबर कधी न भेटलेल्या चुलत-चुलत भावांचीही माहिती उघडी करत असतो. त्या भावांना कोणी विचारलेलं नसतं. आडनाव जितकं दुर्मिळ तितकी ही ओळख सोपी, म्हणजे इथे ॲटनबरोंपेक्षा स्मिथ सुरक्षित.

स्टेपलफर्डचा मुलगा

शेवटी पुन्हा फ्रेडरिक ॲटनबरोंकडे. स्टेपलफर्डचा हा मुलगा जुन्या इंग्रजीचा विद्वान झाला. १९२२ साली त्यांनी इंग्लंडच्या सर्वात जुन्या राजांचे कायदे भाषांतरासह संपादित केले. त्या कायद्यांत एक गुन्हा आहे ‘बुर्हब्रिचे’, म्हणजे कोणाच्या गढीची तटबंदी मोडून आत शिरणं. राजाची गढी असेल तर दंड १२० शिलिंग. आपल्याच आडनावात दडलेला तो हजार वर्षांपूर्वीचा ‘बुर्ह’ त्यांच्या हाताखालून जात होता.

१९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्याच कॉलेजचं पुढे विद्यापीठ झालं आणि त्याच विद्यापीठात त्यांच्या आडनावाच्या पुरुषांची गुणसूत्रं मोजली गेली.

आणि ते गाव? ट्रेंटकाठी खडी-वाळू उपसून झालेल्या खाणींत पाणी साचलं, तळी झाली, पाणपक्षी उतरू लागले. १९६६ साली तिथे राखीव निसर्गक्षेत्र झालं. त्याचं उद्घाटन करायला आलेले पाहुणे होते डेव्हिड ॲटनबरो.